‘गावाबाहेर 10 एकर फुकट मिळत असताना…’ : एका माजी पैलवानांच्या प्रतिक्रियेला उत्तर

पैलवान, रामराम.

तालुक्याच्या कुस्ती आणि मर्दानी खेळ संकुलाच्या जागेबद्दल मी लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. तुम्ही नाव दिलेलं नाही, ‘एक माजी पैलवान’ एवढंच लिहिलंय, म्हणून तशीच हाक मारतो. प्रतिक्रिया कडक आहे, पण पोटतिडकीनं लिहिलेली आहे. दोन ओळींत ती वाटेला लावणं मला पटलं नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

ज्यांनी आधीचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या तालुक्यात संकुलासाठी दोन जागा चर्चेत आहेत. एक माळावरचं गायरान, गावापासून 9 किलोमीटर, 10 एकर. दुसरी एसटी स्टँडच्या मागची जुन्या सरकारी गोदामाची जागा, हायस्कूलच्या मैदानाला लागून, सव्वा एकर. मी गोदामाची जागा धरावी असं लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणता की मी जुन्या पेठेतल्या तालमींच्या प्रेमात अडकलोय, गावात पूर येतो, गाड्या लावायला जागा नाही, पोरांचं लक्ष उडतं, पोरं निवासी राहून शिकावीत म्हणून वसतिगृह पहिल्याच टप्प्यात हवं, आणि जगात अशी केंद्रं गावाबाहेर शांत जागीच असतात. दाखला म्हणून तुम्ही चीनमधलं कुंग-फूचं शाओलिन आणि पुण्याचं बालेवाडी क्रीडा संकुल दिलंत. आणि शेवटी, ‘फुकटची 10 एकर सोडून सव्वा एकरात पोरं कोंबणारा माणूस कुस्तीचा हितचिंतक कसा?’

आधी क्षेत्रफळ बघू, कारण सगळा वाद तिथून सुरू होतो. कुस्तीची गादी 12 मीटर बाय 12 मीटर. आत 9 मीटर व्यासाचं लढतीचं वर्तुळ, बाकी कडेची सुरक्षित पट्टी. अशा दोन गाद्या, मध्ये आणि कडेला वावरायला जागा, एका बाजूला दोर आणि व्यायामाचं साहित्य असा हॉल धरला तरी 30 बाय 18 मीटर पुरतो. म्हणजे 540 चौरस मीटर, साडेपाच गुंठ्यांच्या आत. मातीचा हौद, म्हणजे मातीवरच्या कुस्तीचा आखाडा, आणि त्यावरची शेड दोन गुंठ्यांत बसते. दांडपट्टा, लाठी, फरीगदगा (ढाल-काठीचा खेळ) यांना मोकळं रिंगण लागतं. पट्टा फिरवणाऱ्याभोवती दहा-बारा फूट तरी माणूस नको, आणि विटा, म्हणजे दोरी बांधलेला भाला, फेकायचा तर त्याहून जास्त. त्यासाठी 12 गुंठ्यांचं उघडं मैदान ठेवा. दुमजली वसतिगृह, स्वयंपाकघर आणि न्हाणीघराला चार-पाच गुंठे. बेरीज 25 गुंठ्यांच्या आत येते. सव्वा एकर म्हणजे 50 गुंठे. उरलेल्या निम्म्या जागेत गाड्या लागतात, झाडं लागतात, पुढंमागं तिसरी गादी टाकायची तर तीही बसते. कोंबाकोंब कुठं झाली? धावायला हायस्कूलचं मैदान भिंतीपलीकडे आहेच.

मग 10 एकर कशाला हव्यात? यात्रेसारखी मोठी मैदानं भरवायची असतील तर हव्यात. पण वर्षातून एकदा भरणारं मैदान आणि वर्षाचे 300 दिवस चालणारी तालीम या दोन गोष्टींना एकच जागा हवी असा नियम नाही. आणि मोठं मैदानसुद्धा गावाबाहेरच हवं असं शाहू महाराजांना वाटलं नव्हतं. 1912 साली पूर्ण झालेलं खासबाग मैदान कोल्हापुरात भवानी मंडपापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि मोतीबाग तालीम त्याच परिसरात. गावाला चालत जाऊन कुस्ती बघता यावी आणि पोराला चालत जाऊन ती शिकता यावी, अशी ती मांडणी आहे.

माझा मुद्दा इथंच आहे. पैलवानाचा दिवस कसा जातो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पहाटे साडेचारला उठायचं, जोर-बैठका, मग लढती, आंघोळ, खुराक, शाळा. चारला परत आखाड्यात. म्हणजे दिवसातून दोन वेळा यायचं आणि दोन वेळा जायचं. माळावरचं संकुल म्हणजे बारा वर्षांच्या पोराला रोज 36 किलोमीटर. पहाटे साडेचारला त्या वाटेनं एसटी नाही, पुढंही लागणार नाही. ज्याच्या बापाकडे मोटारसायकल आणि मोकळा वेळ दोन्ही आहे त्याचंच पोरगं तिथं पोचेल. ऊस तोडायला जाणाऱ्याचं, हॉटेलात काम करणाऱ्याचं, हमालाचं पोरगं पहिल्याच महिन्यात गळेल. आपल्या तालमींना जे पैलवान मिळाले ते बहुतेक अशाच घरांतून आले.

आणि मुलींचं काय? तुमच्या प्रतिक्रियेत मुलींचा शब्दही नाही. तुम्ही खेळत होता त्या काळी तालमीत मुली नव्हत्या, हे मी समजू शकतो. पण 2023 साली पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं ती गदा उचलली, आणि तेव्हापासून आपल्या तालुक्यातही मुली कुस्ती शिकायला मागतात. हायस्कूलच्या मैदानावर संध्याकाळी सराव करणाऱ्या मुलींच्या आया भिंतीशी उभ्या असतात, अंधार पडला की पोरींना घेऊन घरी जातात. दिवे नसलेल्या 9 किलोमीटरच्या रस्त्यावर यातली एकही आई मुलीला पाठवणार नाही, आणि तिला मी नावं ठेवणार नाही.

आता पूर. हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा. 2019 आणि 2021 साली कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 फूट. त्या आठवणीनं कुणाचंही काळीज हलतं. पण पूर ‘गावात’ येतो असं म्हणणं अपुरं आहे, पूर सखल भागात येतो. कोल्हापुरातच बघा. सुतारवाडा, जामदार क्लब, पंचगंगा तालमीचा परिसर पाण्याखाली जातो, भवानी मंडप कोरडा राहतो. म्हणून जागा ठरवताना पूररेषेचा नकाशा समोर ठेवायचा. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. गोदामाची जागा लाल रेषेच्याही बाहेर आहे. नकाशावर विश्वास नसेल तर गावात विचारा. 2019 ला नदीकाठच्या गल्ल्यांतली जनावरं सोडवून आणली ती याच गोदामाच्या आवारात बांधली होती. आठवडाभर वैरण तिथंच उतरत होती.

पूर येत नाही म्हणून जमिनीत पाणी नाही असं मात्र समजू नये. बांधकाम खात्यातली माझी नोकरी जमिनी बघण्यातच गेली, म्हणून हा भाग जरा विस्तारानं सांगतो. हौद जमिनीत खोल घेतात. पावसाळ्यात भूजल वर आलं आणि हौदाच्या तळाशी ओल लागली की माती कुजते. लाल माती, काव, ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून महिनोन्महिने कमावलेली माती एका पावसाळ्यात आंबते, वास मारते, आणि पोरांच्या अंगावर खाज उठते. त्यामुळे कुठल्याही जागी आधी चाचणीचा खड्डा घ्यावा, आणि तोच खड्डा मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये बघावा. गोदामाच्या आवारात खड्डा घेतला तेव्हा मी उभा होतो. वर हातभर भराव, विटांचे तुकडे, जुन्या पोत्यांचे धागे. त्याखाली काळीभोर माती, कुदळीला चिकटणारी. पाच-साडेपाच फुटांवर पिवळसर मुरूम लागला. ऑगस्टमध्ये खड्ड्याच्या तळाशी ओल होती, पण पाणी साचलं नव्हतं.

ही काळी माती या जागेचं खरं दुखणं आहे, आणि इथं माळ सरस आहे हे मी मोकळेपणानं मान्य करतो. माळावर फूटभर खाली कठीण मुरूम आहे, पाया स्वस्तात होतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर थेट कोबा केला तर दोन वर्षांत भेगा पडतात, एक बाजू वर येते, गादीचे तुकडे एकमेकांपासून सरकतात. त्या फटीत पाय अडकला की घोटा गेलाच. उपाय माहीत असलेला आहे. हॉलखालची काळी माती पूर्ण काढायची, मुरूम थराथरानं पाणी मारून दाबत भरायचा, जोतं उंच घ्यायचं, हौदाला तळातून आणि कडेनं पाणी काढून देणारी नाली द्यायची. खर्च वाढतो. पण तो एकदाच होतो.

माळाचा खर्च मात्र दर वर्षी होत राहील. तिथली जमीन फुकट आहे, पाणी नाही. शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी असं नियोजनाचं प्रमाण आहे. पैलवान दोनदा आंघोळ करतो, लंगोट रोज धुतो, त्याला त्याहून जास्त लागतं. तरी तेवढंच धरलं तर 100 पोरांना रोज साडेतेरा हजार लिटर. माळावरच्या शेजारच्या बोअरी मार्चनंतर गाळ ओढतात. म्हणजे तीन महिने टँकर. शिवाय डांबरी रस्ता, तीन फेजची लाईन, उतार फोडून सपाटीकरण, कुंपण, रात्रीचा राखणदार. आणि मानेवर पडलेल्या पोराला गाडीतून गावातल्या हाडाच्या डॉक्टरपर्यंत आणायला किती वेळ लागेल, हे तुम्हीच सांगा.

गायरानाबद्दल आणखी एक. ती जमीन मोकळी दिसते, बेवारस नाही. पावसाळ्यात धनगरांची मेंढरं तिथं चरतात. गावाच्या सामाईक जमिनी वाचवाव्यात असं सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली बजावलं, आणि राज्याच्या महसूल कायद्यातही गायरानाचा वापर बदलण्यावर बंधन आहे. सार्वजनिक कामासाठी वाट ठेवलीय, पण दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तर. इथं ती आहे, स्टँडच्या मागं. उद्या कुणी कोर्टात गेलं तर संकुल अर्धवट उभं राहून गंजेल, आणि तोवर एक पिढी वयानं बाद होईल.

आता तुमचे दाखले. शाओलिनचं मंदिर सोंगशान डोंगरात आहे हे खरं. पण तो मठ आहे, तिथं राहणारेच शिकत आले. आज हजारो पोरं जिथं शिकतात त्या शाळा देंगफेंग शहरात आणि आसपास आहेत, आणि त्या निवासी आहेत. बालेवाडी 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभी राहिली. तेव्हा ती पुण्याबाहेर होती, आज पुणे तिथं पोचलं. पण पुण्याला त्या बाजूला हायवेनं आणि हिंजवडीच्या कंपन्यांनी ओढून नेलं. आपलं गाव माळावर चढणार कशासाठी?

मी तुम्हाला दुसरा दाखला देतो. जूदोची मूळ संस्था कोदोकान. 1882 साली टोकियोतल्या एका मंदिरात 12 चटयांवर सुरू झाली. पुढं ती वाढली, तरी शहर सोडून गेली नाही. आजची इमारत टोकियोच्या मध्यवस्तीत रेल्वे स्टेशनला लागून आहे, आणि सरावाचे हॉल एकावर एक मजल्यांवर आहेत. ऑफिस सुटल्यावर माणसं आणि शाळा सुटल्यावर पोरं तिथं जातात. जागा कमी पडली तेव्हा त्यांनी मजले चढवले. दिल्लीचं छत्रसाल स्टेडियमही शहरातच आहे. ऑलिंपिक पदक मिळवणारे सुशील कुमार, रवी दहिया तिथं घडले. हरियाणातली पोरं तिथंच राहून शिकतात, आणि गावाकडून दूध-तूप घेऊन येणाऱ्या घरच्यांना ते बसच्या टप्प्यात पडतं.

राहिला तुमचा निवासी शांततेचा मुद्दा. राष्ट्रीय पातळीवर लढणाऱ्या, वीस-बावीस वर्षांच्या पैलवानाला तशी जागा हवी, यात माझा तुमच्याशी वाद नाही. पण ती जिल्ह्याला एक पुरते, आणि तिथं जाणारी पोरं आधी कुठंतरी घडावी लागतात. खाशाबा जाधवांनी गोळेश्वरच्या मातीत सुरुवात केली. 1948 साली लंडन ऑलिंपिकला गादीवर उतरले तेव्हा गादीची सवय नव्हती, तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्यपदक घेतलं. माती घराजवळ होती, म्हणून ते सुरू झाले. गादी वेळेवर मिळाली असती तर काय झालं असतं, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. महाराष्ट्र केसरीला आज माती आणि गादी असे दोन विभाग आहेत. तालुक्याच्या पोराला या दोन्ही गोष्टी शाळेपासून पाच मिनिटांवर मिळाव्यात, यासाठी मी ती सव्वा एकर धरून बसलोय.

गाड्यांच्या गर्दीचं तुमचं म्हणणं सोमवारच्या बाजारापुरतं खरं आहे. त्या दिवशी स्टँडकडून येणारी वाट बंद ठेवून हायस्कूलच्या बाजूचं फाटक उघडावं, असं मी आराखड्यावर लिहून दिलंय.

संकुल समितीकडे हरकती अजून घेतायत. तुमची हरकत इथं प्रतिक्रियेत न ठेवता लेखी द्या. वसतिगृह पहिल्याच टप्प्यात व्हावं, हे तुमचं म्हणणं त्यात जरूर लिहा, त्याला मी माझ्या सहीनं पाठिंबा देतो. आणि माळाचाच आग्रह असेल तर एवढी अट तुमच्याच अर्जात घाला, की मे महिन्यात तिथं बोअर मारून पाणी मोजल्याशिवाय कुणी कागदावर सही करू नये.