शिकायला आलेल्या दिवशी तरी मला शिकू द्या

वॉर्डात मदतनीस म्हणून मला सात वर्षं झाली. गेली दोन वर्षं नोकरी सांभाळून रजिस्टर्ड नर्स व्हायचं शिक्षण घेतेय. ओळखीचे लोक विचारतात, "तुला तर सगळं येतंच, मग आता एवढा खटाटोप कशाला?" मायेनेच विचारतात. पण त्या प्रश्नात एक मोठा गैरसमज आहे, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

मला काय येत होतं ते आधी सांगते. पेशंट अंथरुणावर असतानाच चादर बदलायची आणि पाठीखाली एकही चुणी राहू द्यायची नाही, हे येत होतं. युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, कमरेच्या खालीच टांगायची, दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, हे हातांच्या अंगवळणी पडलं होतं. कोण कालपेक्षा गप्प आहे, कोणाचं ताट तसंच परत गेलं, हे मला ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती देणं, व्हायच्या आधी कळायचं. हे काही शिक्षण नव्हे असं कुणी म्हणालं तर मी आजही भांडेन.

आता काय येत नव्हतं ते. टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या तक्त्यावर, श्वासाचा एक रकाना असतो. त्यात मी वर्षानुवर्षं १८ किंवा २० लिहीत आले. मोजून नाही, अंदाजाने. वरच्या ओळीत १८ असायचं, मीही १८ लिहायची. ताप आणि बीपी मात्र नीट घ्यायची, कारण त्यासाठी हातात काहीतरी उपकरण असायचं. श्वासाला उपकरण नाही. घड्याळ लागतं आणि एक पूर्ण मिनिट लागतं.

फिजिओलॉजीच्या तासाला मॅडमनी समजावून सांगितलं की शरीर अडचणीत आलं की बऱ्याचदा सगळ्यात आधी श्वास वाढतो. बीपी नंतर पडतं. सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा, आकडा तर त्या वाढलेल्या श्वासामुळेच काही काळ बरा दिसत राहतो. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २०. तो २५ किंवा त्याहून जास्त झाला, तर पेशंटची तब्येत बिघडतेय का हे ओळखायला ब्रिटनच्या रुग्णालयांत वापरतात त्या 'न्यूज' तक्त्यात (जितके गुण जास्त, तितका धोका जास्त) त्या एका नोंदीला सगळ्यात जास्त, म्हणजे ३ गुण देतात. मी वहीत लिहून घेत होते आणि डोळ्यांसमोर माझे सगळे १८ येत होते.

त्याच आठवड्यात नाइटला एक आजोबा होते, ऑपरेशनचा तिसरा दिवस. त्यांचं मनगट धरलं, नाडी मोजली आणि हात तसाच ठेवला. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की त्याचा श्वास बदलतो, म्हणून हात नाडीवर आणि नजर छातीवर ठेवायची. मिनिटभरात २८. पुन्हा मोजला, पुन्हा २८. सॅच्युरेशन ९४, ताप नाही. आजोबा म्हणाले, "जरा धाप लागतेय बाळा, बाकी काही नाही." संध्याकाळच्या नोंदीत १८ होतं. सिस्टरना बोलावलं, त्यांनी स्वतः मोजला आणि डॉक्टरांना फोन केला. फुप्फुसात संसर्ग निघाला, पहाटे त्यांना आयसीयूत हलवलं. पुढे ते बरे होऊन घरी गेले. पण त्या आधीच्या वर्षांतल्या माझ्या नोंदी मला अजून झोपू देत नाहीत.

म्हणूनच 'अनुभव आहे, तर कोर्स छोटा करून द्या' ही मागणी मला मान्य नाही. युरोपीय संघात नर्सिंगसाठी किमान तीन वर्षं आणि ४,६०० तासांचं शिक्षण लागतं, त्यातले निम्मे तास तरी प्रत्यक्ष पेशंटजवळ. ते उगीच नाही. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नऊ युरोपीय देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास आला होता, शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांचा. ज्या रुग्णालयात पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त, तिथे रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी आढळली. आणि एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ती शक्यता तितकीच वाढलेली दिसली. शिक्षण हवं आणि माणसंही हवीत, दोन्ही.

१९०१ साली न्यूझीलंडने नर्सेसच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला आणि पुढच्या वर्षी एलन डॉहर्टी जगातल्या पहिल्या रजिस्टर्ड नर्स झाल्या. त्या रजिस्टरमध्ये नाव येणं म्हणजे चार्टवरच्या आकड्याचा जाब मला विचारता येणं. मला तो जाब देण्याइतकं तयार व्हायचंय.

आता तक्रार. माझं क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डात स्टुडंट म्हणून प्रत्यक्ष शिकायचे दिवस, जिथे लागलं, तिथे मला सगळे ओळखतात. त्या दिवशी युनिफॉर्म स्टुडंटचा असतो, पण सकाळी सातला पहिलं वाक्य कानावर येतं ते, "तू आपलीच आहेस ना, ते तीन बेड जरा करून घे." तीनाचे आठ होतात. तोवर औषधांचा राउंड संपलेला असतो. इन्सुलिनचा डोस सिस्टरच्या देखरेखीखाली काढून द्यायचा होता, त्याची सही लॉगबुकात, म्हणजे काय काय करायला शिकले त्याच्या नोंदवहीत, तीन आठवडे रिकामी राहिली. बाहेरून आलेल्या स्टुडंटला कुणी असं ओढत नाही. सात वर्षं इमानाने काम केलं, त्याची मला ही किंमत मोजावी लागतेय.

हे आजचं नाही. १८६० मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाच्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा निघाली. वॉर्डातच शिकायचं, हे योग्यच होतं. पण पुढे कितीतरी रुग्णालयांना शाळा म्हणजे स्वस्तात मिळणारे हात वाटू लागले. अमेरिकेत नर्सिंगच्या शिक्षणावरच्या १९२३ च्या गोल्डमार्क अहवालाने नेमकं यावरच बोट ठेवलं. ब्रिटनमध्ये आज नियम आहे की स्टुडंटला वॉर्डच्या मनुष्यबळात धरायचं नाही. नियम असूनही ओढाताण होत असेल, पण निदान बोट दाखवायला नियम तरी आहे.

माझ्या सिस्टरांवर माझा राग नाही. त्यांच्या वाट्याला किती पेशंट असतात ते मी रोज बघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगभरात ५९ लाख नर्सेस कमी असल्याचं म्हटलं होतं. पण ही तूट भरून काढायला जी शिकतेय, तिलाच बेड करायला पाठवलं तर नवी नर्स तयार होणार कधी? नाइट संपवून चार तास झोपून अभ्यासाला बसायची माझी तयारी आहे, ते मी निवडलंय. पोस्टिंगच्या दिवशी माझं नाव ड्युटी लिस्टवर नको, एवढंच मागतेय.

सोमवारी इन्चार्ज सिस्टरना तसं लेखी दिलंय. त्यांनी अर्ज वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाल्या, "बघते." गुरुवारी पुन्हा पोस्टिंग आहे. लॉगबुक बॅगेत भरून ठेवलंय, इन्सुलिनच्या पानाशी खूण घालून.