लेस्टरचा रेडिओ आणि आपली सांगली

आमच्या घरच्या ग्रुपवर परत तोच वाद सुरू झालाय, आकाशवाणीची छोटी केंद्रं हवीत कशाला, मोबाईलवर सगळं मिळतं, एकच कार्यक्रम मुंबईहून लावा की सगळीकडं. आणि शेवटी मामांनी लिहिलं, तुमच्या इंग्लंडात तर हे कधीच बंद झालं असेल. नाही मामा, बंद नाही झालेलं. मी लेस्टरमध्ये राहते, आणि इथल्या स्टेशनची गोष्ट तुम्हाला सांगायलाच पाहिजे असं वाटलं.

बीबीसीचं पहिलं लोकल रेडिओ स्टेशन लंडनला नाही, लेस्टरला निघालं, ८ नोव्हेंबर १९६७ ला. आपलं सांगली केंद्र १९६३ चं. ते एका शहरापुरतं नव्हतं हे मान्य, पण चार वर्षं आधीचं आहे, आणि मला याचा खरंच अभिमान वाटतो.

१९७२ ला युगांडाचा हुकूमशहा इदी अमीननं तिथून आशियाई लोकांना हाकललं तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, युगांडातल्या पेपरात जाहिरात दिली होती, की आमच्याकडं येऊ नका, इथं जागा नाही. लोक आलेच, यातले कितीतरी गुजराती. आणि १९७६ ला याच छोट्या स्टेशननं त्यांच्यासाठी संध्याकाळचा कार्यक्रम सुरू केला, त्यातूनच पुढं बीबीसी एशियन नेटवर्क हे आशियाई श्रोत्यांसाठीचं रेडिओ स्टेशन उभं राहिलं. हे लंडनच्या ऑफिसात बसून कुणाला सुचलं असतं असं मला वाटत नाही, कारण स्टुडिओतली माणसं त्याच रस्त्यांवरून कामाला जात होती, गावात कोण नवीन आलंय, दुकानांवर कुठल्या पाट्या लागल्यात हे त्यांना दिसत होतं.

आता इथं सगळं छान चाललंय असंही नाही. २०२२ मध्ये बीबीसीनं ठरवलं की दुपारी दोननंतरचे बरेच कार्यक्रम आजूबाजूच्या स्टेशनांनी मिळून करायचे, म्हणजे लेस्टरचं स्वतःचं कमी झालं. पण मार्च २०२३ मध्ये पत्रकारांनी संप केला, खासदारांनी पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले, कारण इथं बीबीसी चालवायला लोक लायसन्स फी भरतात आणि स्टेशन आपलं आहे असं समजून भांडतात. आपल्याकडं त्याच वर्षी जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून द्यायचा निर्णय झाला होता. ओरड झाली म्हणून थांबला, पण आधी श्रोत्यांना कुणी विचारलं होतं का?

आणि मामा, तुम्ही म्हणता खाजगी एफएम आहेत की, तिथंच खरी अडचण आहे. इथं खाजगी रेडिओ स्वतःच्या बातम्या देतो. भारतात खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही, लावल्या तर आकाशवाणीच्याच लावायच्या. १९९५ ला सुप्रीम कोर्टानं रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सांगितलं, तरी बातम्यांचं दार उघडलं नाही. म्हणजे आकाशवाणीनं जिल्ह्यातून हात काढून घेतला तर रेडिओवर तुमच्या गावाची बातमी देणारं कुणीच उरत नाही. इंग्लंडचं उदाहरण देऊन केंद्रं बंद करा म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

२०१९ च्या पुरात मी इथं रात्ररात्र जागी होते, आईचा फोन लागत नव्हता, टीव्हीवर मुंबईचे चॅनेल नुसते सांगली पाण्यात, सांगली पाण्यात करत होते. मला एवढंच हवं होतं की कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, सांगलीच्या गावभागात कुठवर आलंय, कोयनेतून किती सोडतायत. पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी सांगलीतल्या लहान पोराला पण माहीत असते, मुंबईतल्या निवेदकाला ती का माहीत असावी?

म्हणून माझं म्हणणं, केंद्र नुसतं नावाला चालू ठेवू नका. तिथं कायमचे बातमीदार नेमा, सकाळ-संध्याकाळचा एकेक तास तरी पूर्ण जिल्ह्याचा ठेवा, आणि पावसाळ्यात रात्री पण माईकसमोर सांगलीचंच माणूस बसवा.