थोरल्याचं काय?

घरातल्या भांडणांतून मुलांना बायबल शिकवावं, हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे वाट्याचे पैसे उडवून परतलेल्या धाकट्या मुलासाठी बाप मेजवानी घालतो ती गोष्ट, 'बापाने धाकट्याला क्षमा केली' इथेच संपवलात, ते खटकलं. लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात २५व्या वचनापासून पुढे सगळा थोरला भाऊ आहे. शेतातून दमून येतो, आतून नाचगाण्याचा आवाज ऐकतो आणि उंबऱ्याबाहेरच अडून बसतो. मला कधी साधं करडूसुद्धा दिलं नाहीत, ही त्याची तक्रार. घरोघरी खरं भांडण हेच असतं हो.

मी थोरला, म्हणून बोलतोय. धाकटा धंद्यात पैसे बुडवून चार वर्षांनी घरी आला, तेव्हा आईने मटण आणायला मलाच पिटाळलं. दीड किलो. वडिलांच्या औषधांचे पैसे महिन्याच्या महिन्याला मी देत होतो, तेव्हा कुणी अर्धा किलोही आणलं नव्हतं! पिशवी ओट्यावर आदळली आणि मागच्या अंगणात जाऊन गाडी पुसत बसलो. थोड्या वेळाने वडील काठी टेकत आले. उपदेश नाही, वचन नाही. पायरीवर बसले आणि म्हणाले, "चेनला तेल घातलंस का रे?" दाखल्यातला बापही थोरल्यासाठी बाहेर आलाच होता की, हे तेव्हा सुचलं नाही, बऱ्याच दिवसांनी कौटुंबिक प्रार्थनेत तो अध्याय आला तेव्हा सुचलं. तो थोरला शेवटी आत गेला का, हे लूकने लिहिलेलं नाही. मी गेलो, पण रस्सा गार झाल्यावर.