‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

पीडी-1 रिसेप्टरची (रोगप्रतिकारक पेशींवरच्या एका प्रोटीनची) सुकवलेली पावडर असलेली व्हायल, म्हणजे छोटी बाटली, कशी उघडावी, विरघळवावी आणि साठवावी, या माझ्या लेखाखाली ‘रत्नागिरीकर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो: “मुंबईच्या एसी लॅबमध्ये बसून आम्हाला शहाणपण शिकवू नका. सगळं कंपनीच्या पत्रकातून उचललेलं आहे. आम्ही व्हायल पाण्यात विरघळवतो, फ्रिजमध्ये ठेवतो, महिनाभर वापरतो, काही होत नाही. बीएसए घातलं की कोटिंग बिघडतं, हे तरी माहीत आहे का? आणि 16 किलोडाल्टनचं प्रोटीन जेलवर 35 ला दिसतं, म्हणजे मालच अशुद्ध.”

रत्नागिरीकर, मी मुंबईत बसत नाही. मालवणात वाढलो, चिपळुणात लॅब सांभाळतो. जून ते सप्टेंबर इथली हवा कशी असते आणि लाईट किती वेळा जाते, हे मला कोणी पत्रकातून सांगायची गरज नाही. असहमती जरूर नोंदवा, पण ‘उचललेलं’ हा आरोप आहे, मुद्दा नव्हे. पुराव्याशिवाय तो करू नये, एवढी अपेक्षा मी कोणाही वाचकाकडून ठेवतो.

बीएसएबद्दल (प्रोटीन टिकावं म्हणून सोबत घालतात ते गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) तुमचं बरोबर आहे. 0.1 टक्का बीएसए म्हणजे मिलीला 1 मिलिग्रॅम. पीडी-1 मिलीला 200 मायक्रोग्रॅम असेल तर त्याच्या पाचपट. कितीही पातळ करा, प्रमाण तेच राहतं, आणि प्लेटच्या प्लॅस्टिकवर जागा आधी बीएसए पटकावतं. म्हणून कोटिंगसाठी (प्लेटच्या तळाला प्रोटीन चिकटवण्यासाठी), तसंच बायोटिनची खूण जोडायची असेल तरी, बीएसए नसलेलीच व्हायल घ्यावी. पेशींवर वापरायचं असेल, साठवायचं असेल, तेव्हा ते हवं. हा मुद्दा इथेच मिटला.

आता ‘काही होत नाही’. माझा सगळा आक्षेप या तीन शब्दांना आहे, कारण मुलं हेच पाठ करतात.

काही होत नाही हे ठरवलं कशावरून? द्रावण निवळ दिसतं म्हणून? मिलीला 200 मायक्रोग्रॅम इतक्या पातळ द्रावणात बरंचसं प्रोटीन गोळा होऊन बसलं तरी डोळ्यांना काही दिसत नाही. 280 नॅनोमीटरचं रीडिंग, म्हणजे प्रोटीनने शोषलेला प्रकाश, तेवढंच येतं म्हणून? ते रीडिंग घडी शाबूत असलेलं प्रोटीन आणि घडी मोडलेलं प्रोटीन असा भेद करत नाही. त्याच क्युव्हेटमध्ये 340 ला बघा. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. येत नसेल तर गुठळ्या प्रकाश विखुरताहेत. मग तेच द्रावण सेंट्रीफ्यूजमध्ये 10,000 जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट) दहा मिनिटं फिरवून वरचं द्रावण पुन्हा 280 ला मोजा. घट आली तर तेवढं प्रोटीन तळाला गेलं. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे. घट आली नाही म्हणून प्रोटीन कामाचं आहे असं मात्र नाही, कारण रिसेप्टरचं काम जोडीदाराला धरण्याचं आहे आणि ते बाइंडिंगची, म्हणजे पकडीची, चाचणी केल्याशिवाय कळत नाही.

एलायझात (प्लेटवर रंग उमटवून पकड मोजायच्या चाचणीत) रंग येतो, असं तुम्ही म्हणाल. रंग येणारच. पीडी-1 आणि त्याचा जोडीदार पीडी-एल1 यांची एकास एक पकड मुळात कमकुवत, मायक्रोमोलरच्या घरातली. म्हणून आपण एफसी (अँटिबॉडीचा शेपटाकडचा भाग) लावलेला, दोन हातांचा पीडी-एल1 वापरतो आणि तोही भरपूर ओततो. टीएमबी (रंग देणारं रसायन) जास्त वेळ ठेवलं की प्लेटचे सगळे वेल (खळगे) सारखेच गडद होतात, रीडर आपल्या मर्यादेला टेकतो, आणि निम्मं पीडी-1 निकामी झालेलं असलं तरी त्या पिवळ्या रंगात ते लपून जातं.

खरी परीक्षा अशी. हिस टॅगचं (हिस्टिडिनची छोटी शेपटी जोडलेलं) पीडी-1 मिलीला 2 मायक्रोग्रॅम, वेलला 100 मायक्रोलिटर, रात्रभर 4 अंशांना. 1 टक्का बीएसएने तासभर ब्लॉकिंग, म्हणजे प्लेटची उरलेली जागा झाकणं. पीडी-एल1-एफसी मिलीला 10 मायक्रोग्रॅमपासून तिप्पट-तिप्पट पातळ करत आठ वेल. मग अँटी-ह्यूमन-एफसी एचआरपी, म्हणजे एफसीला धरणारी आणि रंग पाडणारं एन्झाइम (एचआरपी) जोडलेली अँटिबॉडी. 450 नॅनोमीटरचं सर्वांत वरचं रीडिंग 2 च्या आत राहील अशा बेताने थांबवा. त्याच प्लेटवर तुमचं फ्रिजमधलं द्रावण आणि आजच उघडलेली व्हायल, दोन्ही शेजारी शेजारी लावून रंगाची तुलना करा, आणि एक रांग नुसत्या ब्लॉकिंगची ठेवा. पीडी-1 ला स्वतःलाच एफसी टॅग असेल तर ही मांडणी चालत नाही. अँटिबॉडी थेट कोटिंगलाच चिकटते आणि पीडी-एल1 न घालताही रंग भरतो.

फ्रिजमध्ये महिनाभर, हे अनेक पत्रकांतही असतं, नाकारत नाही. पण त्याच ओळीत ‘निर्जंतुक स्थितीत’ असं लिहिलेलं असतं, आणि तेवढेच शब्द नेमके गळतात. रोज उघडली जाणारी ट्यूब निर्जंतुक राहत नाही. जंतूंचे प्रोटीएज प्रोटीन कुरतडतात. सोडियम अझाइड घालावं तर ते एचआरपीला मारतं आणि पेशींनाही.

आपल्या किनाऱ्यावर तर याहून जास्त जपायला हवं. हवा 28 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू 25 अंशांच्या आसपास येतो. त्याहून थंड जे काही बाहेर काढाल त्यावर पाणी धरणार. फ्रीझरमधून काढलेली व्हायल लगेच उघडली तर ते पाणी आतल्या कोरड्या पावडरवर बसतं, त्यातल्या ट्रेहॅलोज साखरेचा सांगाडा ओलावा शोषून मऊ पडतो, चिकट होऊन खचतो. म्हणून बंद व्हायल अर्धा तास टेबलावर ठेवायची, क्षणभर सेंट्रीफ्यूज करायची, मगच झाकण उघडायचं. 100 मायक्रोग्रॅमला 500 मायक्रोलिटर द्रव, कडेने सोडा. हलकेच फिरवून पंधरा मिनिटं राहू द्या. व्होर्टेक्स केलं (यंत्रावर जोरात घुसळलं) की फेस होतो आणि हवा-पाण्याच्या सीमेवर प्रोटीन उलगडतं.

मग 25-25 मायक्रोलिटरचे अलिकोट (छोटे वाटे), लो-बाइंड (प्रोटीन कमी चिकटणाऱ्या) ट्यूबमध्ये, शक्यतो उणे 70 ला. उणे 20 ला मीठपाणी पुरतं गोठतच नाही. मिठाच्या द्रावणाचा शेवटचा थेंब उणे 21 च्या आसपास गोठतो. तोवर प्रोटीन दाट खारात अडकून पडतं. शिवाय पीबीएस (फॉस्फेट बफरचं मीठपाणी) गोठताना सोडियम फॉस्फेटचे स्फटिक आधी वेगळे होतात आणि उरलेल्या द्रवाचा पीएच पार 4 च्या आसपास उतरू शकतो. लाईट जाऊन येते तेव्हा दर वेळी हेच पुन्हा घडतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर तर लाईट असतानाही बर्फ वितळवायला स्वतःच ऊब देतो. दार उघडल्यावर सगळं गोठलेलंच दिसतं, आणि तुम्ही लिहिता, काही होत नाही.

पाणी की बफर? पीबीएसमध्ये सुकवलेलं असेल तर ठरलेलं पाणी घातल्यावर पीबीएस परत मिळतं, वर पीबीएसच घातलं तर मीठ दुप्पट. व्हायलसोबतचा कागद वाचा, तिथे लिहिलेलं असतं.

राहिला जेल, ज्यावर प्रोटीन वजनानुसार, म्हणजे किलोडाल्टननुसार, वेगळी होतात. पीडी-1 च्या बाहेरच्या भागावर एन-ग्लायकोसिलेशनच्या (साखर जोडण्याच्या) चार जागा आहेत आणि ते बनवणाऱ्या एचईके 293 या मानवी पेशी तिथे साखरेच्या साखळ्या लावतात. त्यामुळे पट्टा वर सरकतो, पसरटही होतो. पीएनगेज एफ (या साखळ्या कापणारं एन्झाइम) लावून पुन्हा जेल चालवा, पट्टा खाली येईल. आधी तेवढं करून बघायचं आणि मग ‘माल अशुद्ध’ म्हणायचं, हा क्रम बरा. आणि यापुढे ‘उचललेलं’ लिहाल तेव्हा कुठलं वाक्य कुठून, तेही खाली लिहा. नाहीतर ती प्रतिक्रिया मी ठेवणार नाही.