अपघातातून उठलेल्या वैमानिकाला 'थांबला तो संपला' सांगू नका

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज तिसऱ्यांदा आला. आशय असा: अलास्का आणि उत्तर कॅनडातले बुश पायलट, म्हणजे जिथे रस्तेच नाहीत तिथे नदीच्या वाळूवर, तळ्यात, बर्फावर छोटी विमानं उतरवणारे वैमानिक, अपघात झाला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उडतात. थांबलं की भीती मनात घर करते, म्हणून. उडणं हातात भिनलेलं असतं, ते विसरत नाही. डॉक्टर आणि तपासण्या हे दुबळ्यांचे चोचले. पुरावा म्हणून दोन नावं: दोन्ही पाय गमावून लढाऊ विमान उडवणारे ब्रिटिश वैमानिक डग्लस बाडर, आणि 31 दिवस बर्फात तगून पुन्हा उडालेला कॅनडातला बुश पायलट मार्टेन हार्टवेल. शेवटी ठळक अक्षरांत 'थांबला तो संपला'.

या वेळी तो माझ्या भाच्याला उद्देशून होता, म्हणून हे लिहिते आहे. तो कॅनडात असतो. उतरल्यावर बाजूच्या वाऱ्याने त्याचं शेपटीला चाक असलेलं विमान गर्रकन फिरलं, पंख जमिनीला घासला, प्रॉपेलर वाकला. त्याला खरचटलंही नाही. पण व्हिडिओ कॉलवर बोलताना तो सारखा उजवा तळहात पँटला पुसत होता. हात कोरडाच होता.

'दुसऱ्या दिवशी उडतात' हे आधी घेऊ. अलास्का अमेरिकेत येतं. तिथे अपघात झाला की सुरक्षा मंडळाला ताबडतोब कळवावं लागतं आणि तपासासाठी अवशेष जपून ठेवावे लागतात. वैमानिकाच्या क्षमतेविषयी शंका आली, तर विमान वाहतूक प्रशासन त्याला पुन्हा परीक्षेला बोलावू शकतं. कायद्याच्या कलमावरून वैमानिक तिला 'सेव्हन-ओ-नाइन राइड' म्हणतात. बिनबोभाट दुसरं विमान काढून निघून जाणं ही फुशारकी मारण्यासारखी गोष्ट नाही.

आता बाडर. त्यांच्याविषयी मलाही आदर आहे, म्हणूनच त्यांची गोष्ट अर्धी सांगितलेली सहन होत नाही. 14 डिसेंबर 1931 रोजी इंग्लंडमधल्या वुडली इथे जमिनीला लागून कसरत करताना त्यांचं विमान कोसळलं. दोष त्यांनी कुणावर ढकलला नाही. लॉगबुकात आपली कामगिरी वाईट झाल्याचं स्वतःच्या हाताने नोंदवलं. 1933 मध्ये हवाई दलाने त्यांना निवृत्त केलं. ते परतले 1939 च्या नोव्हेंबरमध्ये, युद्ध सुरू झाल्यावर, तेही वैद्यकीय तपासणी आणि उजळणीचं प्रशिक्षण घेऊन. मध्ये जवळपास आठ वर्षं गेली. मेसेजच्या हिशेबाने हा माणूस केव्हाच 'संपला' होता!

'हातात भिनलेलं विसरत नाही' या दाव्यालाही बाडरच उत्तर देतात. ते गेले तेव्हा विमानं दुपंखी, साध्या प्रॉपेलरची होती. परतले तेव्हा समोर स्पिटफायर हे नवं, एकपंखी लढाऊ विमान. 1940 मध्ये एका उड्डाणाच्या वेळी प्रॉपेलरच्या पात्यांचा कोन बदलायचा ते विसरले. विमान उचललंच नाही आणि आदळलं. चूक त्यांनी मान्य केली. जुन्या सवयीचा हात नव्या यंत्राला चालत नाही, हे इतक्या मोठ्या वैमानिकालाही चुकलं नाही. म्हणून तर अमेरिकेत प्रवासी न्यायचे असतील तर मागच्या 90 दिवसांत निदान तीन वेळा उड्डाण करून उतरलेलं असावं लागतं, कॅनडात सहा महिन्यांत पाच वेळा. शेपटीला चाक असलेल्या विमानाचा अमेरिकी नियम आणखी कडक: प्रत्येक वेळी विमान पूर्ण थांबवायचं. कारण अशा विमानाचा खरा धोका चाकं टेकल्यावर सुरू होतो. भाच्याचं विमान फिरलं ते तिथेच.

हार्टवेलच्या गोष्टीत मेसेजने जे गाळलंय त्याचा मला राग आहे. 8 नोव्हेंबर 1972 ला उत्तर कॅनडातल्या केंब्रिज बेहून यलोनाइफला निघालेल्या त्या विमानात तो एकटा नव्हता. एक परिचारिका होती, एक गरोदर इनुइट (तिथल्या मूळ रहिवाशांपैकी) बाई होती, आणि अपेंडिक्सच्या दुखण्याचा संशय असलेला 14 वर्षांचा इनुइट मुलगा होता. परिचारिका तेव्हाच गेली, ती बाई थोड्या वेळाने. हार्टवेलचे दोन्ही घोटे मोडले होते. आसरा उभारणं, लाकूडफाटा गोळा करणं ही कामं त्या आजारी पोराने केली आणि सुटका होण्याआधी ते पोर गेलं. हार्टवेल पुढे उत्तरेत पुन्हा उडाला हे खरं. पण बुश पायलटच्या पाठीमागच्या सीटवर माणसं असतात. दुसरं वाहन नसतं, म्हणून ती त्याच्या भरवशावर बसतात. अपघातानंतर त्याने कधी परतायचं हे ठरवताना त्यांचा विचार आधी व्हायला हवा.

भीतीला शत्रू ठरवणंही मला पटत नाही. 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या एका प्रयोगात, फक्त उपकरणांकडे बघून उडायचं शिक्षण नसलेल्या 20 जणांना ढगात सापडल्यासारखी परिस्थिती दिली. विसांपैकी एकालाही विमान सावरता आलं नाही. ताबा सुटायला सरासरी 178 सेकंद लागले. खिंडीत ढग उतरलेले पाहून पोटात गोळा येतो आणि माणूस विमान वळवतो, तेव्हा ती भीतीच त्याला घरी आणते. अपघातानंतर झोप उडणं, हात थरथरणं हे वेगळं, त्यावर उपचार असतात. नैराश्यावरची चार औषधं घेणाऱ्यांना खास परवानगीने उडू द्यायचं अमेरिकेने 2010 मध्ये ठरवलं, कारण परवाना जाईल या धास्तीने वैमानिक दुखणं लपवतात. उपचारांना चोचले म्हणणारा मेसेज त्यांना आणखी लपवायला शिकवतो.

भाच्याच्या प्रशिक्षकाने पहिल्या दिवशी त्याला विमानात बसवलं आणि म्हणाला, आज फक्त टॅक्सी, म्हणजे विमान जमिनीवरच चालवायचं. तासभर ते जमिनीवरच फिरले, वारा डावीकडून, मग उजवीकडून, पाय रडरवर. दुसऱ्या दिवशीही तेच.

ग्रुपवरच्या काकांना, मामांना माझी कळकळीची विनंती आहे. रविवारी त्याला फोन कराल तेव्हा 'उडालास का?' असं विचारू नका. त्याचं तो सांगेल.