जागतिक हवामान परिषद भरवताय? मग हे वाचाच

परवा तालुक्याच्या गावी एसी हॉलमध्ये एका पाहुण्यांनी दोन तास समजावलं, की शेतकऱ्यांनी कार्बन कमी करावा. मागे दहा फुटी फ्लेक्स, टेबलावर प्लास्टिकच्या बाटल्या. सप्टेंबरच्या पावसात माझं सोयाबीन आठ दिवस पाण्यात होतं. शेंगेतच मोड आले. त्या शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन मी ऐकत होतो. ऐकता ऐकता वाटलं, अशी परिषद आपणही भरवू शकतो. तुमच्याही मनात असेल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा.

अध्यक्ष तेलवालाच हवा. दुबईच्या जागतिक परिषदेत २०२३ साली होता, काही बिघडलं का?

दंड ठेवू नका. पॅरिस करारात २०१५ साली ठरलंच आहे, धूर किती कमी करायचा हा गृहपाठ ज्याचा त्यानं घालून घ्यायचा.

मोठ्या भावाला अडवू नका. अमेरिका त्या करारातून २०२० ला बाहेर, २०२१ ला आत, २०२५ ला परत निघाली. पाहुणचार करत राहा.

'कोळसा बंद करू' कधीच लिहू नका, 'कमी करू' लिहा. ग्लासगोच्या परिषदेत शेवटच्या घटकेला हा बदल कोणी करून घेतला ते विचारू नका, आपलंच, भारताचं नाव निघतं.

आता पैसा. आकडा मोठा सांगा, तारीख लांबची द्या. कोपनहेगनला २००९ साली कबूल केलं, २०२० पर्यंत गरीब देशांना वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. जमायला २०२२ उजाडलं, त्यातही मोठा वाटा कर्जाचा! मग २०२४ ला बाकूत मागणी १३०० अब्जांची, कबुली ३०० अब्जांची, तीही २०३५ पर्यंत. भारताला बोलायचं होतं, त्याआधीच 'मंजूर' म्हणून हातोडा आपटून मोकळे. अरे, शंभर-दीडशे वर्षं धूर कोणी काढला? ज्यानं काढला त्यानं कर्ज वाटायचं अन् ज्याचं रान वाहून गेलं त्यानं व्याज भरायचं? आमच्याकडे याला मदत नाही, सावकारी म्हणतात.

जाऊ दे, चेष्टा पुरे. लाज वाटू द्या जरा. तीस वर्षं नुसत्या बैठका चालल्यात आणि धूर वाढतोच आहे. तिकडं स्वल्पविरामावरून रात्र जागवता, इकडं पंचनाम्याला माणूस यायला पंधरा दिवस लागतात. आणि पाहुणे, तुम्हीसुद्धा. ती वितळणाऱ्या बर्फाची चित्रं बंद करा, खाली या, ही पिशवी उघडून हुंगा. आंबूस वास येतोय ना? मग आता सांगा, मी नेमकं काय कमी करू?