दहा वर्षांची मुदत कशाला होती?

मेडिकल-इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की नाशिकमधल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, मुद्दे तेच राहतात: "बाबासाहेबांनी आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी दिलं होतं. पुढाऱ्यांनी मतांसाठी ते सत्तर वर्षं ओढलं. त्यामुळे कमी मार्कांचे डॉक्टर तयार होतात. अमेरिकेनंही वर्णावर आधारित प्रवेश बंद केले, आपण कधी करणार? आणि फायदा तरी कोण घेतंय? गाडी-बंगलेवालेच!"

हा मजकूर पाठवणारे बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत. मुलाचा प्रवेश दोन-चार मार्कांनी हुकला की घरात काय होतं, हे मी शिक्षिका म्हणून जवळून पाहते. ते दुःख खरं आहे. पण मजकुराचं पहिलंच वाक्य खोटं आहे आणि ते एका अशा माणसाच्या तोंडी घातलंय, ज्यानं भर सभागृहात याच्या उलट मत मांडलं होतं. म्हणून सगळ्यात जास्त वेळ त्यालाच देते.

संविधानात दहा वर्षांची मुदत आहे, ती कलम ३३४ मध्ये. हे कलम लोकसभा आणि विधानसभांमधल्या अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांबद्दल, आणि त्या वेळी अँग्लो-इंडियन समाजाच्या नियुक्त सदस्यांबद्दल होतं. शाळा, कॉलेज, नोकरी यांचा त्यात उल्लेखही नाही. नोकरीतल्या आरक्षणाचा आधार कलम १६(४), तो पहिल्या दिवसापासून आहे आणि त्याला वर्षांची अट नाही. शिक्षणातल्या आरक्षणाचा आधार कलम १५(४). ते तर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं आलं, कारण चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मद्रास राज्याची जातवार प्रवेशपद्धत रद्द ठरवली होती. त्यालाही मुदत नाही. म्हणजे आमदार-खासदारांच्या जागांची मुदत उचलून विद्यार्थ्यांच्या जागांना चिकटवलेली आहे.

आता बाबासाहेबांचं मत. २५ ऑगस्ट १९४९ रोजी संविधान सभेत याच मुदतीवर चर्चा झाली. अनुसूचित जातींसाठी याहून जास्त काळ मागायची आपली तयारी होती, असं ते तिथे म्हणाले. पण सभागृहानं दहा वर्षं ठरवली आहेत, म्हणून तो निर्णय आता मागे फिरवायला नको, असं त्यांचं म्हणणं होतं. दहा वर्षांनी परिस्थिती सुधारली नाही तर हे लोक पुढचा मार्ग शोधतील, असंही म्हणाले. अनुसूचित जमातींना तर आपण कितीतरी जास्त काळ द्यायला तयार आहोत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि दहा वर्षांत सगळं संपलंच पाहिजे असा आग्रह धरणाऱ्यांना मन मोठं करायला सुचवलं. नाशिक जिल्ह्यात पेठ आणि सुरगाणा हे दोन तालुके जवळजवळ पूर्ण आदिवासी आहेत; जिल्ह्यातला दर चौथा माणूस अनुसूचित जमातीचा आहे. त्या माणसाचा हक्क संपवायला बाबासाहेबांचं नाव वापरलं जातं, याचा मला फार त्रास होतो.

त्यांना मर्यादा मान्यच नव्हती, असं मात्र नाही. ३० नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी सांगितलं होतं की राखीव जागा एकूण जागांच्या तुलनेत अल्प असाव्यात, नाहीतर समान संधीच्या तत्त्वाला अर्थ उरणार नाही. ही मर्यादा प्रमाणाची आहे, वर्षांची नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातली ५० टक्क्यांची मर्यादा याच विचाराच्या जवळ जाते, आणि मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा २०२१ मध्ये याच मुद्द्यावर रद्द झाला. या भाषणाच्या आधारे कुणी वाद घालणार असेल तर तो प्रामाणिक वाद आहे, मी बसून ऐकेन. १९५५ साली बाबासाहेबांच्याच शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन या पक्षाच्या कार्यकारिणीनं राखीव जागा बंद करा असा ठराव केला, हेही काही जण पुढे करतात. तो ठरावसुद्धा निवडणुकीतल्या जागांचा होता.

शिक्षणाला दहा वर्षांची मुदत घातली असती तर काय झालं असतं, याचा साधा हिशोब करून पाहा. त्या काळी मॅट्रिक अकरावीला असे. १९५० च्या जूनमध्ये पहिलीत घातलेलं मूल १९६० साली मॅट्रिकलाही पोचलेलं नसतं. त्यानं कॉलेजचं दार पाहण्याआधीच मुदत संपली असती. आणि हे मूल कोणाचं? २ मार्च १९३० रोजी आपल्याच पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांसोबत दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड पुढे होते. त्या रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड पडले. आंदोलन वर्षानुवर्षं चाललं तरी दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. त्या दारातून परत गेलेल्या विशीतल्या तरुणाचं मूल १९५० साली शाळेच्या वयाचं होतं. ज्या शहरानं त्या बापाला देवळाची पायरी चढू दिली नाही, त्यानं मुलाला दहा वर्षांचा हिशोब विचारू नये.

"पुढाऱ्यांनी मतांसाठी ओढलं." विधिमंडळातल्या जागांची मुदत खरंच वाढत गेली, दर वेळी घटनादुरुस्तीनं. नेहरू, इंदिरा गांधी, व्ही. पी. सिंग, वाजपेयी, मनमोहन सिंग, मोदी, सगळ्यांच्या सरकारांनी ती वाढवली आणि आता ती २०३० पर्यंत आहे. २०१९ मध्ये ती वाढवताना अँग्लो-इंडियन सदस्यांची तरतूद मात्र वगळली गेली. म्हणजे काही बंद करायचं असेल तर संसद ते करू शकते. त्याच वर्षी आर्थिक दुर्बल घटकांसाठी १० टक्के आरक्षण आलं. त्यालाही मुदत नाही. ती घाला, अशी मागणी करणारा मजकूर मला अजून कुणी पाठवलेला नाही.

"कमी मार्कांचे डॉक्टर." म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, राज्यातली सरकारी आणि बहुतेक खाजगी वैद्यकीय महाविद्यालयं त्याला संलग्न आहेत. प्रवेश कुठल्याही प्रवर्गातून झालेला असो, एमबीबीएसची परीक्षा एकच, पास होण्याचे मार्क सगळ्यांना सारखे. प्रवेशाचे मार्क दारापाशी मोजतात, डॉक्टर होतो तो पुढच्या साडेपाच वर्षांत. मार्कांचीच काळजी असेल तर २०२३ साली पदव्युत्तर प्रवेशाचं पात्रता पर्सेंटाइल खुल्या प्रवर्गासकट सगळ्यांसाठी शून्यावर आणलं गेलं, त्यावर ग्रुपवर चर्चा व्हायला हवी होती. खाजगी कॉलेजांत अनिवासी भारतीयांच्या कोट्याला १५ टक्क्यांपर्यंत जागा देता येतात, तिथे पैशानं मार्कांची जागा घेतली तरी गुणवत्तेचा प्रश्न निघत नाही. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या अर्थतज्ज्ञांनी भारतीय रेल्वेच्या आकडेवारीवर केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. आरक्षणामुळे कामाची उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांची वर्ण विचारात घेणारी प्रवेशपद्धत अवैध ठरवली, हे बरोबर आहे. पण तिथे आपल्यासारख्या राखीव जागा नव्हत्याच. कॅलिफोर्नियातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयानं १०० पैकी १६ जागा बाजूला ठेवल्या होत्या, तो प्रकार १९७८ साली ॲलन बाकी यांच्या खटल्यातच बंद झाला. त्यानंतर वर्ण हा अनेक निकषांपैकी एक एवढाच उरला. त्यांच्या संविधानात आपल्या १५(४) सारखं कलम नाही, त्यामुळे तो निकाल इथे लागू करता येत नाही. आणि कॅलिफोर्नियानं १९९६ च्या सार्वमतानं सरकारी विद्यापीठांत वर्णाचा विचार बंद केल्यावर बर्कली आणि लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांचे प्रवेश लगेच घसरले. उदाहरण द्यायचं तर हेही सांगायला हवं.

शेवटचा मुद्दा गाडी-बंगलेवाल्यांचा. यात तथ्य आहे, आणि मजकुरातला हाच भाग गंभीरपणे घेण्यासारखा आहे. ओबीसींना क्रीमी लेयरची अट, म्हणजे त्यांच्यातल्या सुस्थितीतल्या कुटुंबांना वगळण्याची अट, आधीपासून आहे. अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण, म्हणजे जास्त मागे राहिलेल्या जातींसाठी वेगळा वाटा, करता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं १ ऑगस्ट २०२४ रोजी सहा विरुद्ध एक असा दिला, आणि त्यातल्या काही न्यायमूर्तींनी या प्रवर्गांनाही क्रीमी लेयर हवा असं मत नोंदवलं. त्या समाजांमध्ये यावर जोरात वाद चालू आहे आणि तो व्हायलाच हवा. पण शहरातल्या अधिकाऱ्याच्या मुलाला जागा मिळते म्हणून ती जागाच काढली, तर सुरगाण्याच्या मुलीला ती मिळत नाही. तिची अडचण वेगळीच असते. जमातीचा दावा सिद्ध करायला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, त्यात वडील-आजोबांच्या शाळेच्या दाखल्याला सगळ्यात जास्त वजन. ज्या घरातली ती पहिलीच शिकणारी, त्या घराकडे हा दाखला कुठून येणार? जातवैधता प्रमाणपत्र वेळेत मिळालं नाही की मिळालेला प्रवेशही धोक्यात येतो. श्रीमंतांनी फायदा घेतल्याचा राग ज्यांना खरोखर येतो, त्यांनी आधी ही प्रमाणपत्रं आश्रमशाळेतच, बारावीच्या आत मिळावीत म्हणून आदिवासी विकास आयुक्तालयाकडे अर्ज करावा. ते कार्यालय नाशिकमध्येच आहे, आणि अर्जाचा मसुदा मी करून देईन.